ऊन फुकट, पण छप्पर कोणाचे?



थंडी पडू लागली की आमच्या युनियनच्या कार्यालयात एका विषयाच्या तक्रारी हमखास येतात. त्या पगाराच्या नसतात, बढतीच्या नसतात आणि बदलीच्याही नसतात. तक्रार असते गरम पाण्याची. पहाटे चारला मालगाडी सोडून रनिंग रूममध्ये आलेल्या लोको पायलटला आंघोळीला गरम पाणी मिळत नाही. रात्रपाळीत रूळ तपासून परतलेल्या गँगमनच्या क्वार्टरमध्ये गीझर नाही. असला तरी बिलाच्या धास्तीने तो लावला जात नाही. आरएमएसच्या विश्रामगृहात बादली आहे, पण हीटरचा रॉड जळालेला आहे.

एवढ्याशा गोष्टीवर लेख कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्याने डिसेंबर महिन्यात इटारसीला किंवा झाशीला पहाटे गार पाणी अंगावर घेऊन पुन्हा इंजिनवर चढण्याची तयारी केली आहे, तो असे म्हणणार नाही. मध्य प्रदेशात, उत्तर प्रदेशात, तेलंगणात नोकरी करणारे आमचे अनेक मराठी बंधू या स्तंभाचे वाचक आहेत. त्यांना हे सांगावे लागत नाही. शिवाय विषय एका बादलीचा नाही. उष्णता कशापासून मिळवायची, तिचा खर्च कोणी सोसायचा आणि सरकारच्या सवलती कोणाच्या घरापर्यंत पोचतात, असा हा विषय आहे. आज सर्वत्र सौरऊर्जेचा गजर चालू असताना कामगाराच्या वाट्याला त्यातले काय आले, याचा हिशोब मांडणे आम्हाला आमचे कर्तव्य वाटते.

बंब, सिंडर आणि इंजिनाचे पाणी

आमच्यापैकी ज्यांचे वडील लोको शेडमध्ये होते त्यांना जुने दिवस आठवत असतील. भुसावळ, मनमाड, दौंड या शेडच्या गावांत गरम पाण्याची कधी वाण पडली नाही. शेडमध्ये उभ्या इंजिनातून बादलीभर उकळते पाणी काढून घ्यायचे आणि तिथेच नळाखाली अंग धुऊन घरी जायचे, हा फायरमन मंडळींचा रिवाज होता. रेल्वे कॉलनीतल्या आयाबाया राखेच्या ढिगातून अर्धवट जळलेला कोळसा, म्हणजे सिंडर, वेचून आणत. त्यावर शेगडी पेटे आणि मागच्या अंगणातला तांब्याचा बंब तापे. नोकरी घाम काढणारी होती, फुप्फुसात धूर जात होता, तेव्हा त्या दिवसांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण उष्णता ही कामाच्या जागीच तयार होत होती आणि तिचा एक लहानसा वाटा कामगाराच्या घरी येत होता, एवढे खरे.

१९९० च्या दशकात ब्रॉडगेजवरून वाफेचे इंजिन गेले. ते जायलाच हवे होते. त्याबरोबर सिंडर गेला, बंब भंगारात गेला, आणि त्यांच्या जागी विजेचा गीझर आला. वीज ही मोठी गुणाची वस्तू आहे. तिच्यावर दिवे लागावेत, यंत्रे चालावीत, गाड्या धावाव्यात. पण कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, वाफेवर वीज करायची, ती शेकडो मैल तारांतून आणायची आणि शेवटी तिनेच पुन्हा पाणी तापवायचे, हा द्राविडी प्राणायाम आहे. कोळशातल्या उष्णतेचा दोन तृतीयांशाच्या आसपास भाग वीज होण्याआधीच वाया जातो. आणि ज्या पाण्यासाठी हे सारे करायचे ते छपरावर उन्हात ठेवले तर आपोआप तापते.

सरकारने काय केले

या बाबतीत सरकार झोपले होते असे म्हणता येणार नाही. १९७३ च्या तेल संकटानंतर दिल्लीला जाग आली. १९८१ मध्ये अतिरिक्त ऊर्जा स्रोतांसाठी आयोग नेमला गेला, १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जेचे वेगळे खाते झाले, १९९२ मध्ये त्याचे मंत्रालय झाले. कर्ज देण्यासाठी इरेडा ही संस्था १९८७ मध्ये निघाली. आपल्याकडे महाऊर्जा काम करू लागली. सूर्यचुलीच्या पेट्या, गोबरगॅस, पाणी तापवायचे बंब यांवर निरनिराळ्या काळात अनुदाने मिळाली.

जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले. त्याचे नाव निघाले की लोकांना वीज आठवते. पण त्या अभियानात उष्णतेचेही स्वतंत्र लक्ष्य होते. पाणी तापवणाऱ्या आणि तशा इतर संग्राहकांचे क्षेत्र पहिल्या टप्प्यात ७० लाख चौरस मीटर, २०१७ पर्यंत दीड कोटी आणि २०२२ पर्यंत दोन कोटी चौरस मीटर व्हावे, असे ठरले होते. सौर बंब घेणाऱ्याला किमतीच्या ३० टक्क्यांपर्यंत अनुदान किंवा ५ टक्के व्याजाचे कर्ज मिळे. २०१४ मध्ये हे अनुदान बंद झाले.

राज्यांनी आणि नगरपालिकांनीही काही पावले उचलली. कर्नाटकाने २००७ मध्ये ठरावीक आकाराच्या नव्या इमारतींना सौर बंब सक्तीचा केला आणि वीजबिलात थोडी सूट दिली. बंगळुरात उंच जागेवर उभे राहिले तर त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. गच्चीगच्चीवर टाक्या आहेत. पुणे महापालिका सौरऊर्जा, गांडूळखत, पावसाचे पाणी साठवणे यांपैकी एक सोय असेल तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सवलत देते. महाराष्ट्राची २०२० ची एकत्रित विकास नियमावलीही मोठ्या इमारतींना सौर बंबाची किंवा सौर पॅनेलची अट घालते.

मग घोडे अडले कुठे? एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे, या जुन्या सवयीत ते अडले. सौर बंबावरचा जीएसटी ५ टक्के होता. १८ जुलै २०२२ पासून तो १२ टक्के झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो पुन्हा ५ टक्क्यांवर आणला. त्याचे आम्ही स्वागत करतो. पण आठ वर्षांत आधी अनुदान काढायचे आणि मग कर वाढवायचा, याला धोरण म्हणत नाहीत, धरसोड म्हणतात.

विजेचे अनुदान आणि पाण्याचा हिशोब

आता मोठा जोर आहे तो पीएम सूर्यघर योजनेवर. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही योजना आली. एक कोटी घरे, ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद. एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान. योजना चांगली आहे. ज्यांनी घेतली त्यांची बिले उतरली, हे आम्ही पाहिले आहे. पण ती विजेची योजना आहे. ज्याला मुख्यतः पाणीच तापवायचे आहे त्याच्यासाठी हिशोब वेगळा आहे. तो समजून घ्या.

चार माणसांच्या घराला दिवसाला शंभर लिटर गरम पाणी पुरते. हे पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत न्यायला साधारण चार युनिट वीज लागते. शंभर लिटरच्या सौर बंबाला छपरावर सुमारे दोन चौरस मीटर संग्राहक लागतो, म्हणजे एका खाटेएवढी जागा. तेच चार युनिट सौर पॅनेलमधून काढायचे तर एक किलोवॅटचे पॅनेल हवे आणि त्याला सुमारे दहा चौरस मीटर जागा हवी. म्हणजे पाण्यापुरते बोलायचे तर बंबाला पॅनेलच्या पाचव्या हिश्शाची जागा पुरते. सरकारी पत्रके सांगतात की असा एक बंब वर्षाला १,५०० युनिटपर्यंत वीज वाचवतो. पावसाळा आणि ढगाळ दिवस वजा करून आमचा हिशोब १,००० ते १,२०० युनिटांचा येतो. तेवढे धरले तरी कामगाराच्या संसारात ही लहान रक्कम नाही.

आम्ही पॅनेलच्या विरोधात नाही. पॅनेलची वीज बारा महिने दहा कामांना येते, हे मान्य आहे. आमचे म्हणणे एवढेच की एका साधनाला ७८,००० रुपये आणि दुसऱ्याला शून्य, हे बरोबर नाही. ज्याचे छप्पर लहान त्याला लहान साधन परवडते. आणि लहान छप्पर कोणाचे असते, हे सांगायला नको.

छप्पर कोणाचे?

इथे आम्ही मुद्द्यावर येतो. या सगळ्या योजना घरमालकासाठी आहेत. ज्याचे स्वतःचे छप्पर, ज्याच्या नावावर विजेचे मीटर, त्याला अनुदान. रेल्वेच्या टाइप-१ आणि टाइप-२ क्वार्टरमध्ये राहणारा कामगार मालक नाही. छप्पर खात्याचे आहे. भाड्याच्या खोलीत राहणारा पोस्टमन मालक नाही. छप्पर घरमालकाचे आहे. घरमालक बंब बसवील कशाला? त्याचा खर्च त्याच्या खिशातून जाणार आणि बिल भाडेकरूचे वाचणार.

टपाल खात्यातल्या बंधूंना तर ही गोष्ट चांगलीच ठाऊक आहे. २०२४ मध्ये सूर्यघर योजनेच्या नोंदणीचे काम पोस्टमन आणि ग्रामीण डाक सेवकांकडे आले. घरोघर जा, छप्पर बघा, वीजबिलाचा फोटो काढा, मोबाईलवर माहिती भरा. आमच्या या बंधूंनी ते केले. रोजची टपाल वाटून वर हे केले. दुसऱ्याच्या छपराची नोंद करणाऱ्या या माणसाला संध्याकाळी आपल्या भाड्याच्या खोलीत परत यायचे आहे, आणि त्या खोलीवरचे छप्पर कोणत्याच योजनेत बसत नाही. ग्रामीण डाक सेवकाला तर खात्याचे क्वार्टरही नाही. लग्नघरी सगळ्यांच्या पंगती वाढायच्या आणि आपण उपाशी झोपायचे, असा हा प्रकार आहे.

खाते मालक असेल तर खात्याने करावे, हे सरळ उत्तर आहे. रेल्वेने २०३० पर्यंत निव्वळ शून्य कार्बनचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. स्टेशनांच्या आणि कारखान्यांच्या छपरांवर पॅनेल बसत आहेत. प्लॅटफॉर्मच्या पत्र्यावर पॅनेल चढले की फोटो निघतो. क्वार्टरच्या गच्चीवर बंब चढला तर फोटो निघत नाही, पण त्याखालच्या चार कुटुंबांचा हिवाळा बदलतो. आम्हाला दोन्ही हवे आहेत.

एका रनिंग रूमची गोष्ट

खाते बसवते तेव्हा काय होते, तेही सांगितले पाहिजे. आमच्या माहितीतल्या एका जंक्शनवर काही वर्षांपूर्वी रनिंग रूमच्या गच्चीवर हजार लिटरचा सौर बंब बसवला. नारळ फुटला, पेढे वाटले. पहिल्या हिवाळ्यात चोवीस तास गरम पाणी मिळाले. टाकीला चांगले आवरण असेल तर दिवसा तापलेले पाणी पहाटेपर्यंत गरम राहते, हे तेव्हा सर्वांना पटले. ज्यांनी सुरुवातीला नाके मुरडली होती त्यांनीही कौतुक केले. त्यांत आम्हीही होतो. ‘हे उन्हाचे खेळणे किती दिवस टिकणार’ असे आम्ही म्हणालो होतो. ते शब्द आम्ही मागे घेतले.

दुसऱ्या हिवाळ्यात पाणी कोमट येऊ लागले. तिसऱ्यात बंद झाले. कारण शोधायला गेलो तर गोष्ट साधी होती. त्या गावचे पाणी जड. काचेच्या नळ्यांत क्षारांचा थर बसला होता. दोन नळ्या माकडांनी फोडल्या होत्या आणि एक व्हॉल्व्ह गळत होता. बसवणाऱ्या ठेकेदाराची मुदत संपली होती. विद्युत विभागाला विचारले तर उत्तर मिळाले, ‘हे पाण्याचे काम, वर्क्सकडे जा.’ वर्क्स म्हणाले, ‘हे ऊर्जेचे उपकरण, विद्युतकडे जा.’ दोन्ही खात्यांच्या मध्ये आमचा बंब गच्चीवर उन्हात तापत होता आणि खाली चालक मंडळी गार पाण्याने अंघोळ करीत होती. मग विजेचे गीझर पुन्हा लागले. पीएनएमच्या बैठकीत हा विषय सलग तीन वेळा आला. तिन्ही वेळा लेखी उत्तर एकच होते: कार्यवाही चालू आहे.

शेवटी तो बंब चालू झाला तो एका हेल्परमुळे. त्याच्या वडिलांचा नळजोडणीचा धंदा होता. त्याने वरिष्ठांची परवानगी घेऊन नळ्या उतरवल्या, थर काढला, व्हॉल्व्ह बदलला, फुटलेल्या नळ्या स्थानिक खरेदीतून मागवल्या. दोन दिवसांचे काम! आता हिशोब पाहा. हजार लिटरचा बंब चांगल्या उन्हात दिवसाला चाळीस युनिट वाचवतो. युनिटचा दर आठ रुपये धरला तर दिवसाला ३२० रुपये. वर्षात २५० दिवस धरले तर ८०,००० रुपये. दोन वर्षे तो बंद होता. म्हणजे दीड लाखाहून अधिक रुपयांची वीज जळली. कशापायी? एक व्हॉल्व्ह, थोड्या नळ्या आणि ‘हे काम कोणाचे’ या प्रश्नापायी.

यातून आम्ही दोन धडे घेतले. पहिला, साधन जागा बघून निवडावे. जड पाण्याच्या गावात साध्या काचेच्या नळ्यांचा बंब टिकत नाही. तिथे उष्णता-विनिमयक असलेला, म्हणजे नळाचे पाणी थेट संग्राहकात न जाणारा बंब घ्यावा लागतो. हे निविदा काढणाऱ्याला माहीत असायला हवे. दुसरा धडा मोठा आहे. यंत्र बसवायला पैसे मंजूर होतात, सांभाळायला माणूस मंजूर होत नाही. पदे सरेंडर करायची, देखभाल ठेक्यावर द्यायची, ठेका संपला की यंत्र मरू द्यायचे. सौर बंब हे याचे एक उदाहरण झाले, पण रेल्वेच्या आणि टपालाच्या कामगाराने हे प्रत्येक यंत्राच्या बाबतीत पाहिले आहे.

इतरांचे अनुभव

मोठ्या प्रमाणावर सूर्याची उष्णता वापरता येते की नाही, अशी शंका ज्यांना आहे त्यांनी शिर्डीला जावे. तिथे २००९ मध्ये प्रसादालयाच्या छपरावर प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ तबकड्या बसल्या. त्यांनी केलेल्या वाफेवर हजारो भक्तांचा भात-डाळ शिजतो. त्याआधी २००२ मध्ये तिरुमलाला १०६ तबकड्यांची यंत्रणा बसली होती. लातूरच्या दुग्धालयात आयआयटी मुंबईच्या सहकार्याने बनलेली मोठी तबकडी दूध तापवण्यासाठी लावली गेली. देवस्थानाच्या भटारखान्यात जे जमते ते रेल्वेच्या बेस किचनमध्ये, रेल्वे इस्पितळात, प्रशिक्षण केंद्राच्या मेसमध्ये का जमू नये?

थंड प्रदेशाचा प्रश्न आणखी वेगळा. हिमाचलात स्पितीच्या खोऱ्यात हिक्कीम येथे चौदा हजार फुटांहून उंच जागी १९८३ पासून टपाल कार्यालय आहे. तिथे गरम पाणी नंतर, आधी खोली गरम हवी. लेहजवळ फे या गावात सेकमोल संस्थेच्या इमारतींनी दाखवून दिले आहे की दक्षिणेकडे काच, जाड मातीच्या भिंती आणि चांगले आवरण असेल तर कडाक्याच्या थंडीतही आतली खोली उन्हावर उबदार राहते. काश्मीर खोऱ्यात आता रेल्वे पोचली आहे. तिथल्या गँगमनच्या झोपड्या, गेटमनच्या कोठड्या आणि नवी क्वार्टर्स बांधताना हे ज्ञान वापरावे. भिंत बांधून झाल्यावर हीटर मागायचा, हे वरातीमागून घोडे झाले.

परदेशांतही दोन्ही प्रकारचे धडे आहेत. इस्रायलने १९८० मध्ये नव्या घरांना सौर बंबाची सक्ती करणारा कायदा केला आणि आज तिथे बहुतेक घरांवर तो आहे. स्पेनमधल्या बार्सिलोना शहराने २००० साली असाच नियम केला. उलट उत्तर आयर्लंडमध्ये काय झाले ते पाहा. २०१२ मध्ये तिथल्या सरकारने लाकडाच्या गोळ्यांवर चालणाऱ्या बॉयलरसाठी योजना काढली. जितकी उष्णता तयार कराल तितके पैसे. पण इंधनाच्या खर्चापेक्षा अनुदान जास्त ठेवले आणि वर मर्यादा घातली नाही. मग काय, जितके जाळाल तितका नफा! रिकाम्या शेडही तापू लागल्याच्या तक्रारी आल्या. जानेवारी २०१७ मध्ये उपप्रथममंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनी या प्रकरणावरून राजीनामा दिला, सरकार कोसळले, आणि २०२० मध्ये चौकशीचा अहवाल आला. तात्पर्य असे की अनुदान द्यावे, पण साधनाच्या खऱ्या उपयोगाला द्यावे. उधळपट्टीला देऊ नये. आम्ही मागतो ते अनुदान जाळण्याचे नाही, वाचवण्याचे आहे.

कोळशाची भीती

आमच्या एका शाखा सभेत मालगाडीच्या एका गार्डने उभे राहून प्रश्न विचारला. आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्या तोंडी गार्डच आहे. ते म्हणाले, ‘साहेब, तुम्ही उन्हाची वकिली करता. रेल्वेच्या मालवाहतुकीत निम्म्याच्या आसपास वजन कोळशाचे आहे. कोळसा कमी झाला तर आपण वाहायचे काय? आपलीच फांदी आपण तोडायची का?’ सभा क्षणभर गप्प झाली.

प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरही प्रामाणिक दिले पाहिजे. गच्चीवरच्या बंबांनी उद्या कोळशाच्या गाड्या थांबणार नाहीत. देशाची विजेची भूक वाढतेच आहे. पण दूरवर पाहिले तर कोळसा कमी होणार, हे आम्ही कामगारांपासून लपवू नये. वाफेचे इंजिन जाताना फायरमनला काय झाले? ज्याला वेळेवर प्रशिक्षण मिळाले तो डिझेलवर, विजेवर गेला. ज्याला मिळाले नाही तो पडेल त्या जागी गेला, आणि त्याच्या हातातले कौशल्य वाया गेले. बदल थांबवून फायरमन वाचला नाही. बदल होण्याआधी आपली बाजू मांडली, तिथे तो वाचला. तोच मार्ग आज आहे. मालवाहतुकीत सिमेंट, धान्य, कंटेनर यांचा वाटा रस्त्याकडून परत आणण्याची मागणी आणि नव्या ऊर्जेच्या देखभालीची कायम पदे खात्यातच निर्माण करण्याची मागणी, या दोन्ही एकत्र चालल्या पाहिजेत.

आमच्या मागण्या

१) प्रत्येक रनिंग रूम, रेल्वे इस्पितळ, प्रशिक्षण केंद्र, कॅन्टीन आणि आरएमएस विश्रामगृहात सौर बंब असावा. पावसाळ्यासाठी जोडीला विजेची सोय राहावी.

२) खात्याच्या क्वार्टर्सवर ब्लॉकनिहाय सामाईक बंब बसवावा. नवे क्वार्टर बांधताना त्याची नळजोडणी आराखड्यातच असावी. यासाठी कामगाराच्या पगारातून कपात करू नये.

३) देखभालीची जबाबदारी एकाच विभागावर लेखी निश्चित करावी आणि त्यासाठी कायम पदे मंजूर करावीत. ‘हे पाण्याचे, ते विजेचे’ हा खेळ बंद व्हावा.

४) घरगुती सौर बंबाला पूर्वीसारखे अनुदान किंवा सवलतीचे कर्ज पुन्हा सुरू करावे. भाडेकरू आणि ग्रामीण डाक सेवकांना त्यात स्थान असावे.

५) थंड प्रदेशातील टपाल कार्यालये, गेट आणि गँग झोपड्या उन्हावर उबदार राहतील अशा पद्धतीने बांधाव्यात.

आपण काय करू शकतो

सगळे सरकारवर टाकून मोकळे होणे ही आमची पद्धत नाही. आपल्या अनेक निवृत्त बंधूंनी गृहनिर्माण सोसायट्यांत फ्लॅट घेतले आहेत. सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक सोयींसाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये अनुदान आहे. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांचा खर्च त्यावर निघू शकतो. याची माहिती पुष्कळ सोसायट्यांना नाही. आपल्या सहकारी पतसंस्था मुलांच्या शिक्षणाला आणि लग्नाला कर्ज देतात. त्यांनी सौर बंबासाठी लहान, कमी व्याजाचे कर्ज सुरू करावे. वीजबिलातली बचत हप्त्याला बराच हातभार लावील. आणि प्रत्येक शाखेने एक काम करावे: आपल्या हद्दीतील किती बंब बसवले, किती चालू आहेत, किती बंद आहेत आणि कशामुळे बंद आहेत, याची यादी करावी. पुढच्या पीएनएमला जाताना तक्रारीऐवजी ही यादी घेऊन जाऊ. ‘कार्यवाही चालू आहे’ या उत्तराला यादीसमोर टिकाव धरणे जड जाते, असा आमचा अनुभव आहे.

ज्या जंक्शनची गोष्ट वर सांगितली तिथे गेल्या हिवाळ्यात आम्ही मुद्दाम पहाटे गेलो. बाहेर धुके होते. एक तरुण असिस्टंट लोको पायलट आंघोळ करून डोके पुसत बाहेर आला. आम्ही विचारले, ‘काय रे, पाणी कसे आहे?’ तो म्हणाला, ‘कढत आहे साहेब, गार पाणी मिसळावे लागले.’ त्याला त्या बंबामागचा पत्रव्यवहार ठाऊक नव्हता आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती. कामावरून आलेल्या माणसाला गरम पाणी मिळाले, एवढेच त्याला हवे होते.

ऊन सगळ्यांवर सारखेच पडते. पण छपरे सारखी नाहीत, हे धोरण करणाऱ्यांना सांगत राहावे लागेल. ते सांगण्यासाठीच संघटना आहे. शाखांनी आपल्या याद्या पाठवाव्यात, ही विनंती.

आपला एकजुटीचा,
सचिव